एका ग्रॅमचं बाळ

कांगारू म्हटलं की आपल्याला आधी क्रिकेट आठवतं. पेपरच्या क्रीडा पानावर ऑस्ट्रेलियाची टीम ही 'ऑस्ट्रेलिया' नसतेच मुळी, ती असते 'कांगारू'. 'कांगारूंना लोळवले', 'कांगारूंची शरणागती' वगैरे वगैरे. त्यानंतर आठवते ती पोटावरची पिशवी आणि तिच्यातून डोकावणारं गोंडस पिल्लू. बस्स! बहुतेकांची माहिती इथे संपते. ती पिशवी म्हणजे पिल्लाला हिंडवायची सोय, आपली बाजाराची पिशवी असते तशी, असं आपण धरून चालतो. पण मित्रांनो, त्या पिशवीचं खरं काम वेगळंच आहे, आणि ते समजलं की हा प्राणी कुठल्याही मशीनपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटायला लागतो. निदान मला तरी वाटला.

आधी नावाची एक गंमत सांगून टाकते. कॅप्टन कुकने १७७० साली तिथल्या माणसाला विचारलं, "हा कोणता प्राणी?" तो म्हणाला, "कांगारू", म्हणजे "मला माहीत नाही", ही गोष्ट आपण सगळ्यांनी क्विझमध्ये ऐकलेली असते. ती खोटी आहे. ज्या भागात कुकचं जहाज दुरुस्तीला थांबलं होतं तिथल्या गुगु यिमिथिर भाषेत 'गंगुरू' हा एका जातीच्या कांगारूचा शब्द खरंच आहे. १९७०च्या दशकात भाषा-अभ्यासकांनी तिथे जाऊन खात्री करून घेतली. बिचाऱ्या माणसाने बरोबर उत्तर दिलं होतं!

मराठीत त्या पिशवीला शिशुधानी म्हणतात. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला आधी 'मार्सूपियल' हाच शब्द माहीत होता, 'शिशुधानी' मी कॉलेजात आल्यावर वाचला, आणि फार आवडला. राजाची राजधानी, तशी शिशूची शिशुधानी. पिल्लाचंच राज्य असतं तिथे.

आता मुद्द्याकडे. आपण लाल कांगारू घेऊ, कारण सगळ्यात मोठा तोच आणि त्याच्यावर अभ्यासही भरपूर झालाय. नर ऐंशी-पंच्याऐंशी किलोपर्यंत जातो, मादी त्याच्या निम्म्याहून कमी, पंचवीस-तीस किलोची. मादीचा गर्भारपणाचा काळ किती असेल? फक्त ३३ दिवस. आपली एक सबमिशन संपून दुसरी सुरू व्हायला लागतो तेवढा वेळ. आणि ३३ दिवसांनी जे जन्माला येतं त्याचं वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही, लांबी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. एखादा टपोरा शेंगदाणा घ्या हातात, साधारण तेवढंच. आई त्याच्या तीस हजार पट जड! माणसात आई बाळाच्या साधारण वीस पट असते, यावरून अंदाज करा.

हे पिल्लू गुलाबी, केस नसलेलं, डोळे मिटलेले, कान नीट झालेले नाहीत. मागचे पाय, ज्यांच्यावर पुढे त्याची सगळी प्रसिद्धी अवलंबून आहे, ते नुसते कोंबासारखे. पण पुढचे दोन हात मात्र तयार, त्यांना बारीक नख्यासुद्धा. का? कारण जन्मल्याबरोबर त्याला आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रवास करायचा असतो. आईच्या पोटावरच्या केसांना धरून, पोहल्यासारखे हात मारत, जन्मद्वारापासून पिशवीच्या तोंडापर्यंत. तीन ते पाच मिनिटं. आई उचलून देत नाही, ढकलत नाही. पूर्वी लोकांना वाटायचं की आई जिभेने केस चाटून त्याच्यासाठी वाट करून देते, पण ती आपली स्वतःला साफ करत असते, पिल्लू स्वतःच्या हिमतीवर चढतं. पिशवीत पोचलं की आत चार सड असतात (गाईसारखेच चार, बरं का), त्यातला एक तोंडात धरतं. सडाचं टोक तोंडात फुगतं आणि पिल्लू तिथेच अडकून बसतं. पुढचे साधारण सत्तर दिवस ते सडाला सोडत नाही, सोडू शकतच नाही.

यामुळेच जुन्या काळी गोऱ्या लोकांचा मोठा घोटाळा झाला होता. १६२९ साली 'बटाव्हिया' नावाचं डच जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेटांवर फुटलं. त्याचा प्रमुख पेल्सार्ट याने तिथे वॉलबी, म्हणजे कांगारूचे छोटे भाऊबंद, पाहिले. पिशवी उघडून बघतो तर सडाच्या टोकाला चिकटलेलं इवलंसं पिल्लू. त्याने लिहून ठेवलं की ही पिल्लं बहुधा सडातूनच उगवतात, झाडाला फळ यावं तशी. आपण हसतो, पण त्याच्या जागी आपण असतो तर वेगळं काय लिहिलं असतं?

पुढचं वेळापत्रक बघा. साधारण पाच महिन्यांनी पिल्लू पिशवीतून पहिल्यांदा डोकं बाहेर काढतं. सहा महिन्यांनंतर थोडं बाहेर पडतं, धडपडतं, घाबरून परत आत उडी मारतं. आणि २३५ दिवसांच्या आसपास पिशवी कायमची सोडतं. तेव्हा ते चार-पाच किलोचं झालेलं असतं. आता साधी बेरीज करा. ३३ अधिक २३५ म्हणजे २६८ दिवस. माणसाचे नऊ महिने साधारण २८० दिवसांचे, गाईचेही जवळपास तेवढेच. म्हणजे कांगारूचं बाळ काही महिन्याभरात तयार होत नाही. त्यालाही नऊ महिनेच लागतात! फक्त त्यातला एक महिना आईच्या पोटात आणि आठ महिने पोटाच्या बाहेर, पण आईच्याच कातडीच्या खिशात. ती पिशवी म्हणजे दुसरं गर्भाशयच. आत ऊब आईच्या अंगाची, तोंड आवळायला आईचे स्नायू, जेवण म्हणजे दूध. आपल्याकडे वारेतून (पुस्तकात तिला अपरा म्हणतात) जे रक्तावाटे पोचतं ते कांगारूमध्ये बहुतेक सगळं दुधावाटे पोचतं.

मग प्रश्न पडतो, हा उलटा उद्योग कशासाठी? पूर्वीच्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं की हे प्राणी मागासलेले, त्यांना नीट वार तयार करता आली नाही म्हणून पिल्लू अर्धवट जन्माला येतं. मला हे पटत नाही, आणि आजचे अभ्यासकही असं मानत नाहीत. वार त्यांनाही असते, थोड्या दिवसांची. बाकी हा डिझाइनचा प्रश्न आहे. एकाच कामाची दोन डिझाइन्स, आणि कोणतं चांगलं हे कुठे वापरायचं त्यावर ठरतं.

हे समजून घ्यायला ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही, कर्जतला गेलं तरी चालेल. आपल्या जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. १९८० साली झालेलं, क्षेत्रफळ अवघं २.१७ चौरस किलोमीटर. नकाशावर शोधायला भिंग लागेल. तिथलं माळरान, खुरटं गवत, बाभळी, आणि उन्हाळ्यात डोळ्यांना झोंबणारा पिवळा रंग. काळविटाची मादी पंचवीस-तीस किलोची, म्हणजे लाल कांगारूच्या मादीएवढीच. दोघी गवत खाणाऱ्या, दोघी उघड्या कोरड्या माळावर राहणाऱ्या, दोघींना एका वेळी शक्यतो एकच पिल्लू. पण काळविटीण साधारण सहा महिने पाडस पोटात वाढवते. पाडस जन्मतं तेव्हा डोळे उघडे, अंगावर केस, काही वेळातच चार पायांवर उभं. मग आई त्याला गवतात लपवते, दूध पाजायला येते, आणि थोड्याच दिवसांत ते कळपाबरोबर पळायला लागतं. इथे पिल्लू 'फिनिश्ड प्रॉडक्ट' होऊनच बाहेर येतं. लांडगा मागे लागला तर पळता आलं पाहिजे ना!

आता समजा मधेच पाऊस गेला. आपल्याला हे समजायला पुस्तक लागत नाही. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. अकोल्याच्या घाटमाथ्यावर धो-धो आणि पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेरकडे ढग नुसते बघायचे. १९७२चा दुष्काळ आजी-आजोबांकडून ऐकलाय, २०१९च्या उन्हाळ्यातल्या चारा छावण्या आपण स्वतः बघितल्यात. त्या छावणीत एखादी गाभण गाय उभी असेल तर तिला पोटातल्या वासराला "थांब जरा" असं सांगता येत नाही. एकदा सुरू झालं की नऊ महिने खर्च चालूच, चारा असो नसो. स्वतःची हाडं काढून वासराला देते ती. काळविटीणीचंही तेच.

कांगारूला मात्र "थांब" म्हणता येतं. आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या आयुष्यातली ही सर्वात भारी गोष्ट आहे.

होतं असं. पिल्लू पिशवीत पोचल्यावर एक-दोन दिवसांतच मादी परत नराबरोबर जुगते. नवा गर्भ राहतो. पण तो वाढतो कितपत? ऐंशी-शंभर पेशींचा एक गोळा होईपर्यंत. आणि मग थांबतो. मरत नाही, वाढत नाही, नुसता थांबतो. आपल्या कॉम्प्युटरचा स्टँडबाय मोड. महिनोन् महिने तसाच. त्याला थांबवून कोण ठेवतं? पिशवीतलं मोठं भावंडं!

इलेक्ट्रॉनिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी इथे लक्ष द्यावं, ही चक्क कंट्रोल सिस्टिम आहे. सेन्सर म्हणजे आईचा सड. पिल्लू चोखतं, त्याचा संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जातो. तिथल्या पियूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं. प्रोलॅक्टिन अंडाशयातल्या पीतपिंडाला दाबून ठेवतं. पीतपिंड दबलेला, म्हणून प्रोजेस्टेरॉन पुरेसं नाही, म्हणून गर्भाला पुढे जायचा सिग्नल नाही. पिल्लू मोठं होऊन बाहेर खेळायला लागलं, की चोखणं कमी होतं, प्रोलॅक्टिन उतरतं, पीतपिंड मोकळा होतो आणि थांबलेला गोळा जिथून थांबला होता तिथून पुढे वाढायला लागतो. हिशोब इतका नेमका की मोठं पिल्लू पिशवी सोडून जातं आणि एक-दोन दिवसांत नवं पिल्लू तिथे हजर. पिशवी रिकामी राहतच नाही. आमच्या होस्टेलची रूमसुद्धा इतक्या लवकर दुसऱ्याला मिळत नाही.

गर्भ थांबवणं हे इतरही काही प्राण्यांना जमतं. अस्वलांना जमतं, युरोपातल्या रो जातीच्या हरणाला जमतं. पण त्यांचं ऋतूप्रमाणे चालतं, ठरलेल्या महिन्यात थांबायचं आणि ठरलेल्या महिन्यात सुरू. कांगारूमध्ये स्विच पिल्लाच्या तोंडात आहे.

दुष्काळात हे कसं चालतं ते ऐका, थोडं कठोर आहे. गवत संपतं, आईचं दूध आटतं. पिशवीतलं पिल्लू तग धरत नाही, मरतं. चोखणं थांबलं म्हणजे थांबलेला गोळा सुरू. महिन्याभरात नवं एक ग्रॅमचं बाळ चढून पिशवीत येतं. त्याला दूध लागतं थेंबभर, तेवढं दुष्काळातली आईही देऊ शकते. तोपर्यंत पुढचा गोळा राखीव तयार. दुष्काळ हटला नाही तर हे पिल्लूही दोनेक महिन्यांत जातं आणि पुढचं येतं. अगदीच लांबला तर मादी माजावर येणंच बंद होतं, सगळं काम ठप्प. पण ज्या दिवशी पाऊस पडेल, त्या दिवशी बहुतेक माद्यांच्या पिशवीत एक लहानसं पिल्लू असतंच, किंवा महिन्याभरात येणार असतं. ज्याच्या वाट्याला पाऊस आला ते वाढतं. काळविटीणीला मात्र पाऊस आल्यावर पहिल्यापासून सहा महिने मोजावे लागतात. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या भागात पाऊस कधी येईल याला काही नियमच नाही, वर्ष-वर्ष येत नाही, आणि येतो तेव्हा एकदम. अशा ठिकाणी लवकर, स्वस्तात सुरुवात करायची आणि जमलं नाही तर कमी नुकसानीत सोडून द्यायचं, हे डिझाइन टिकलं. पिल्लाच्या बाजूने बघितलं तर अंगावर काटा येतो. मादीच्या बाजूने बघितलं तर ती स्वतः जिवंत राहते, आणि ती राहिली तरच पुढचं सगळं.

म्हणजे चांगल्या वर्षात एका मादीची एकाच वेळी तीन लेकरं असतात. एक बाहेर हिंडणारं पण अजून दूध पिणारं, एक पिशवीतलं, एक थांबलेलं. यात अजून एक कमाल आहे. बाहेरचं पिल्लू मधूनमधून येऊन पिशवीत डोकं खुपसतं आणि दूध पितं. आपला ठरलेला, लांबलेला सड त्याला बरोबर सापडतो. शेजारच्या सडाला एक ग्रॅमचं भावंडं लटकलेलं असतं. आणि या दोन सडांतून दोन वेगवेगळी दुधं येतात! लहानाला पातळ, साखर जास्त, स्निग्धांश कमी. मोठ्याला घट्ट, फॅटवालं. आई एक, रक्त एक, रक्तातली संप्रेरकंही तीच. तरी शेजारशेजारच्या दोन ग्रंथी आपापला वेगळा प्रोग्राम चालवतात. आपला जिल्हा दुधाचा. गावात डेअरीवर फॅट लावून भाव मिळतो हे आपल्याला पोटात असल्यापासून माहीत आहे. एका गाईच्या दोन सडांचं फॅट इतकं वेगळं आलं, तर डेअरीवाला मशीनच बिघडलं म्हणेल. शास्त्रज्ञांनी तम्मर वॉलबीची लहान पिल्लं काढून जास्त पुढच्या टप्प्याच्या आईच्या पिशवीत ठेवून बघितली, तर ती पिल्लं नेहमीपेक्षा भराभर वाढली. म्हणजे दुधाचं वेळापत्रक आईकडे, पिल्लाकडे नाही.

मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडंसं. १९७३ साली डॉसन आणि टेलर या दोघांनी कांगारूंना चक्क ट्रेडमिलवर पळवलं आणि ऑक्सिजन किती लागतो ते मोजलं. आपण वेग वाढवला की दम लागतो. कांगारू उड्या मारायला लागला की वेग वाढला तरी ऑक्सिजनचा खर्च वाढत नव्हता. मागच्या पायांच्या लांब शिरा स्प्रिंगसारख्या ताणल्या जातात, ऊर्जा साठवतात आणि पुढच्या उडीला परत देतात. १९९८ साली तम्मर वॉलबीवर मोजलं, तर पिशवीत पिल्लाएवढं ओझं असतानाही खर्च वाढला नाही. पिल्लाचा प्रवास फुकट!

सगळेच पिशवीवाले कांगारूसारखे नसतात. साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत. वोम्बॅट जमीन उकरतो, म्हणून त्याच्या पिशवीचं तोंड मागे, नाहीतर पिल्लाच्या अंगावर माती. टास्मानियन डेव्हिलला वीस-तीस पिल्लं होतात आणि सड फक्त चार, म्हणजे पहिले चार सोडून बाकीच्यांचा प्रवेश रद्द, सीईटीपेक्षा वाईट अवस्था. नम्बॅटला धड पिशवीच नाही. दक्षिण अमेरिकेतल्या यापोकला नर-मादी दोघांनाही पिशवी, आणि मादीची पाण्यात घट्ट बंद होणारी, कारण ती पिल्लं घेऊन पोहते. अमेरिकेतलं ओपोसम बारा-तेरा दिवसांत विणं उरकतं.

हो, हे प्राणी ऑस्ट्रेलियापुरते नाहीत. दक्षिण अमेरिकेतून अंटार्क्टिकामार्गे ते ऑस्ट्रेलियाला गेले असं मानतात, तेव्हा ते खंड जोडलेले होते आणि अंटार्क्टिकावर बर्फ नव्हता. आणि आपल्याकडे? आपल्याच शेजारच्या गुजरातमध्ये, सुरत जिल्ह्यात वस्तान इथे लिग्नाइटची खाण आहे. तिथे भारतातले पहिले शिशुधान प्राण्यांचे जीवाश्म मिळाले आणि २००५ साली ते प्रसिद्ध झाले. इवलेसे दात, ओपोसमसारख्या छोट्या प्राण्यांचे. त्यांची नावं इंडोडेल्फिस आणि इंडोपेराडेक्टेस. साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे. आपल्या पायाखालचा नगरचा काळा पाषाण त्याच्याही आधीचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे दख्खनचा लाव्हा गार होऊन गेल्यावर कधीतरी हे छोटे पिशवीवाले सुरतेच्या बाजूला हिंडत होते. पुढे ते आपल्याकडून नाहीसे झाले. २०२२ साली बंगालमध्ये जलपायगुडी भागात रस्त्याकडेला खरेखुरे कांगारू सापडले होते, पण ती प्राण्यांच्या तस्करीची भानगड. त्यातला एक मेलेलाच सापडला.

कांगारू आपल्याकडे नाही राहिला, पण त्याची पद्धत मात्र आलीय, आणि तीही माणसांच्या हॉस्पिटलात. हे मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं.

दिवस भरायच्या आधी झालेलं बाळ म्हणजे एका अर्थाने कांगारूचं बाळच. जे पोटात व्हायचं ते बाहेर व्हायचं बाकी असतं. त्याचा पहिला शत्रू थंडी. आपण हीट ट्रान्स्फरमध्ये शिकतोच, वस्तू जितकी लहान तितकं आकारमानाच्या मानाने पृष्ठभागाचं क्षेत्र जास्त, म्हणजे उष्णता भराभर जाते. त्यात त्याच्या अंगावर चरबी नाही. म्हणून इन्क्युबेटर, आपल्याकडे सगळे म्हणतात ती 'काचेची पेटी'. १९७८ साली कोलंबियाची राजधानी बोगोटा इथल्या सरकारी प्रसूती रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळं जास्त अशी परिस्थिती होती. एकेका पेटीत दोन-तीन बाळं, एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला. तिथले डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी ठरवलं की बाळाला आईच्याच छातीवर, कातडीला कातडी लावून, उभं धरून बांधायचं. चोवीस तास. पुढे डॉ. हेक्टर मार्टिनेझ त्यांच्याबरोबर काम करू लागले. यालाच 'कांगारू मदर केअर' म्हणतात. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, मोजे, लंगोट. मान एका कुशीला वळवलेली, पाय बेडकासारखे दुमडलेले, वरून कापड घट्ट. ऊब आईची, दूध आईचं, आणि श्वास घ्यायला बाळ विसरलं तर आईच्या छातीची हालचाल त्याला जागं करते. लाइट गेली तरी ही पेटी बंद पडत नाही. लोडशेडिंगचे दिवस बघितलेल्या आपल्या पालकांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

मुंबईत सायनच्या हॉस्पिटलमध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली होती. दिवस न भरलेल्या बाळाला दूध म्हणजे निम्मं औषध, हे त्यांनी ओळखलं होतं. (गंमत म्हणजे वेळेआधी बाळंत झालेल्या बाईच्या दुधात सुरुवातीला प्रथिनं जास्त असतात. कांगारूइतकं नाही, पण थोडाफार प्रोग्राम आपल्याकडेही आहे.) त्याच हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मुंबईत कांगारू पद्धत जमते का, आया तयार होतात का, याचा अभ्यास करून २००५ साली प्रसिद्ध केला. जमली. २०१४ला केंद्र सरकारने देशभरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मात्र तोपर्यंत सगळे म्हणायचे, बाळ आधी पेटीत 'स्थिर' होऊ द्या, मग आईकडे. २०२१ साली भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतला एक मोठा अभ्यास आला. १ ते १.८ किलोची ३,२११ बाळं. निम्म्यांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर दिलं, निम्म्यांना आधी नेहमीप्रमाणे पेटीत. २८ दिवसांत नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के बाळं दगावली, लगेच छातीवर दिलेल्यांत १२ टक्के. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास वेळेआधीच थांबवला. २०२२ला जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, जन्मल्याबरोबर सुरू करा, दिवसाला निदान आठ तास, जमेल तितकं जास्त.

हे आकडे मी शोधत बसले त्याला कारण आमच्या घरातलं आहे. माझ्या चुलत बहिणीचं बाळ बत्तिसाव्या आठवड्यात झालं, १,४२० ग्रॅमचं. डॉक्टरांनी ताईला सांगितलं, पेटीपेक्षा तुमच्या छातीवर ठेवा. गावाकडून आजी आली होती, ती बघून हादरलीच. "आगं, वांदरीणीवानी लेकरू छातीला बांधून बसायचं व्हय बाळंतिणीनं? तिला पाठ तर टेकू द्या!" सिस्टर म्हणाल्या, "आजी, हीच याची पेटी. पाठ टेकून, रेलूनच बसायचंय त्यांनी." आजीला ते काही पटलं नाही. रात्री ताई झोपली की पाळी दाजींची. दाजी टेंपो चालवतात, रात्रभर जागायची सवय. शर्टाची बटणं काढून, छातीवर ते मूठभर लेकरू घेऊन खुर्चीत रेलून बसायचे, वर आजीची शाल. बापालाही हे करता येतं, हे आमच्याकडे कोणाला माहीतच नव्हतं. कांगारूच्या नराला मुळात पिशवीच नसते, त्या मानाने दाजी पुढचे निघाले. तिसऱ्या दिवसापासून आजीने दारात खुर्ची टाकली आणि बघायला येणाऱ्या पाहुण्यांना बाहेरूनच परत पाठवायला लागली. "लेकरू अजून पोटातच हाये म्हना," असं सांगायची सगळ्यांना.

ही पद्धत कधी थांबवायची? तारीख नसते. साधारण अडीच किलोच्या आसपास बाळ स्वतःच सांगतं. कापडात ठेवलं की वळवळतं, हातपाय बाहेर काढतं, रडतं, आत राहायला कंटाळतं. ताईचं बाळ घरी आल्यावरही ती रोज बांधत होती. तिसऱ्या महिन्यात त्याने आतून लाथा मारायला सुरुवात केली. दोन दिवस आजीने बघितलं, आणि मग तिनेच मागची गाठ सोडली.